मित्राचे मन खचले तर आपण काय करावे?

दवाखान्यात एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. तपासणी झाली की रुग्ण बाहेर जाऊन बसतो आणि त्याच्यासोबत आलेला माणूस मागे थांबून हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, ह्याला झालंय तरी काय? जेवत नाही, कोणात मिसळत नाही. सारखा म्हणतो, मी काही कामाचा नाही. किती समजावलं, पण डोक्यात शिरतच नाही. आम्ही करावं काय?" विचारणारा कधी भाऊ असतो, कधी शेजारी, कधी शाळेपासूनचा मित्र. रुग्णासाठी औषधे आहेत, पण या सोबत्याला कोणी काही शिकवत नाही. म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी.

हा आळस नव्हे, आजार आहे

दुःख आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐन काढणीत पावसाने सोयाबीन भिजले, मुलीचे जमलेले लग्न मोडले, परीक्षेत अपयश आले, तर कोणालाही वाईट वाटणारच. पण अशा दुःखात माणूस अधूनमधून हसतो, नातवाला जवळ घेतो, चार दिवसांनी पुन्हा कामाला लागतो. नैराश्यात, म्हणजे आपण बोलताना ज्याला डिप्रेशन म्हणतो त्या आजारात, असे होत नाही. मन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ खिन्न राहते. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी वाटत नाही. पहाटे लवकर जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. भूक मंदावते, वजन घटते. काही जणांत याच्या उलट, झोप आणि खाणे वाढते. थकवा येतो, लक्ष लागत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. आणि मनात एकच पालुपद सुरू राहते : मी नालायक आहे, मी घरावर ओझे आहे, माझ्यामुळेच सगळे बिघडले.

आपल्या हिमायतनगर, हदगाव, किनवट भागातले रुग्ण "मन उदास आहे" असे क्वचितच सांगतात. ते सांगतात, "डोकं जड राहतं, अंगात कणकण आहे, हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात, छातीत धडधडतं." मग ताकदीचे सलाईन लावण्याचा आग्रह होतो. सलाईनने दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. अंगदुखीच्या तक्रारी खोट्या नसतात. मनाचा आजार शरीरातून बोलत असतो, एवढेच.

घरच्या घरी दोन साधे प्रश्न विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होते का? आणि कोणत्याही कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात, कारण यांतील बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. दारूची सवय असेल तर तीही लपवू नये. दारूने दुःख बुडते असे म्हणतात, प्रत्यक्षात नैराश्य वाढते.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठी पाहणी केली. तिच्यानुसार दर २० माणसांमागे एकाला आज किंवा पूर्वी कधीतरी नैराश्याने गाठलेले असते. आणि तीव्र नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपासून वंचित होते. म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या बाजार समितीत असा माणूस आहेच. फक्त तो बोलत नाही.

सोबतीचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि याला इतिहासाचा व शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन १८४१ च्या जानेवारीत इतके खचले होते, की त्यांचा मित्र जोशुआ स्पीड याने त्यांच्या खोलीतून वस्तरे आणि सुऱ्या हलवून ठेवल्या. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस लिंकन काही आठवडे स्पीडच्या घरी जाऊन राहिले. पुढच्या वर्षी स्पीड स्वतःच्या लग्नाच्या चिंतेने हैराण झाला, तेव्हा त्याला धीर देणारी पत्रे लिंकन यांनी लिहिली. काल आधार घेणारा आज आधार देणारा झाला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज जो मित्र स्वतःला कुचकामी म्हणतो, तो उद्या तुमच्या कामी येणार आहे.

जवळचे उदाहरण गोव्याचे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे 'मानस' नावाचा प्रयोग केला. आरोग्याचे औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन त्यांना दवाखान्यांत बसवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांपैकी या मदतीमुळे सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. याच धर्तीवर गोव्यात पुढे तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम झाला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले : तीन महिन्यांत ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला, तुलनेच्या गटात ३९ टक्के.

आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या मुलखात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला. कार्यकर्त्यांनी गावात छोट्या बैठका घेतल्या, लोकांना आजाराची ओळख करून दिली, ऐकून घेतले आणि गरज पडली तेव्हा डॉक्टरांकडे पोहोचवले. सुरुवातीला नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ वर गेले. त्याच काळात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून तर आजीबाईंनाच प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी खचलेला माणूस. या बाकाला 'मैत्रीचे बाक' म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक गावात पार आहे. त्यावर राजकारण आणि बाजारभाव रोज बोलले जातात. त्यात मनाचीही विचारपूस व्हावी.

हे बोलू नये

आपण मायेपोटी जे बोलतो ते खचलेल्या माणसाला अनेकदा टोचते. पुढील वाक्ये टाळावीत.

"तुला कमी काय आहे? सोन्यासारखी लेकरं आहेत." यातून त्याला वाटते, सगळे असूनही मी दुःखी, म्हणजे दोष माझाच.

"लोकांचं बघ, त्यांचं तुझ्यापेक्षा वाईट आहे." दुसऱ्याचा पाय मोडला म्हणून आपला दुखायचा थांबत नाही.

"मर्द आहेस ना? रडतोस काय बायकांसारखा?" या एका वाक्याने कितीतरी पुरुषांची तोंडे कायमची बंद झाली आहेत.

"मनावर घेऊ नको, विसरून जा." विसरता आले असते तर तो विसरलाच असता. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

बाळंतिणीला तर, "घरात लेकरू आलंय, आनंद मान" असे सगळेच सुनावतात. बाळंतपणानंतर येणारे नैराश्य हा ओळखीचा आणि उपचाराने बरा होणारा आजार आहे. ती रडत असेल, बाळाकडे पाहवेना असे म्हणत असेल, तर तिला दटावू नये. डॉक्टरांना दाखवावे.

हे बोलावे

सुरुवात स्वतःच्या निरीक्षणाने करावी. "गड्या, महिनाभर झाला, तू बाजाराला आला नाहीस. मला तुझी काळजी वाटते. काय चाललंय?" एवढे विचारून गप्प बसावे. उत्तर लगेच येणार नाही. शांतता झाली म्हणून घाबरून सल्ले सुरू करू नयेत. चहा घ्यावा, बसून राहावे. तो बोलू लागला की मध्ये तोडू नये. "हे फार जड जात असेल तुला" असे म्हटले की त्याला कळते, कोणीतरी ऐकले. "तुला काही लागलं तर सांग" हे वाक्य चांगले असले तरी त्याचा उपयोग कमी, कारण मागण्याचे बळच त्याच्यात उरलेले नसते. त्याऐवजी "उद्या सकाळी सहाला येतो, दोघं स्टेशनपर्यंत पायी जाऊन येऊ" असे नेमके सांगावे आणि ठरल्या वेळी जावे.

मैत्रिणीच्या बाबतीतही हेच. सून घरात मोकळेपणाने बोलू शकत नसेल तर तिला विहिरीवर, बचत गटात, माहेरच्या वाटेवर बोलते करता येते. ऐकलेली गोष्ट मात्र चौकात जाता कामा नये. विश्वास एकदा मोडला की पुन्हा ते दार उघडत नाही.

छोटे काम हेच औषध

नैराश्याचे चक्र असे फिरते : उत्साह नाही म्हणून माणूस काम सोडतो, काम सोडले म्हणून आनंदाचे प्रसंग संपतात, ते संपले म्हणून मन अधिक खचते. आपण म्हणतो, मन ताजे झाले की काम करू. या आजारात उलट करावे लागते. आधी थोडे काम, मग मन. गोव्यातील २०१७ च्या त्या भेटींचा गाभा हाच होता.

माझ्या एका मित्राचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याचे विहिरीवरच्या मोटारी भरून देण्याचे दुकान होते. उधारी थकली, कर्ज वाढले आणि त्याने दुकान उघडणेच सोडले. घरच्यांनी रोज दुकानावरून बोलणी सुरू केली. त्याचे एकच उत्तर, "माझ्याच्यानं आता काहीच होत नाही." त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. त्याच वेळी आम्ही दोघातिघांनी मिळून एक वेळापत्रक केले. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळी दाढी-आंघोळ आणि एक फेरी. दुसऱ्या आठवड्यात दुकानाचे शटर उघडून अर्धा तास बसायचे, काम करायचे नाही. तिसऱ्या आठवड्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याचा बिघडलेला पंखा त्याच्यापुढे ठेवला. त्याला दोन दिवस लागले. पूर्वी तासाभराचे काम होते ते. पण पंखा फिरला तेव्हा त्याचा चेहरा आम्ही पाहिला. मधले काही दिवस वाईटही गेले, पुन्हा अंथरूण धरले. तेव्हा आम्ही पहिल्या पायरीवर आलो, फक्त सकाळची फेरी. चारपाच महिन्यांत दुकान सुरळीत झाले. कर्ज एका दिवसात फिटले नाही. ते फेडण्याचा विचार करू शकणारा माणूस मात्र परत आला.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. काम इतके लहान ठेवावे की ते होईलच. ते वेळेला बांधावे, मनाच्या लहरीला नव्हे. आणि झाल्यावर तोंडभरून खोटी स्तुती न करता जे घडले तेवढेच सांगावे : "तू आज उठून आलास, पंखा सुरू केलास."

'मी नालायक आहे' याचे काय करावे?

या वाक्याशी वाद घालून उपयोग होत नाही. तुम्ही म्हणाल, "तू तर हुशार आहेस," तो दहा पुरावे देईल की तो कसा मूर्ख आहे. आजारात स्मरणशक्ती फक्त अपयशे वेचून आणते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात एक उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती रुजवण्याचे श्रेय कि. मो. फडके यांच्याकडे जाते. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात. तिचा एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. कृतीला बरेवाईट म्हणावे, संपूर्ण माणसावर शिक्का मारू नये. एका हंगामात कापूस बुडाला म्हणून जमीन नापीक ठरत नाही. तसे एक धंदा बुडाला, एक परीक्षा हुकली, एक हप्ता थकला, म्हणून माणूस नापास होत नाही. मित्राला विचारावे, "तुझ्या जागी मी असतो, माझं दुकान बुडालं असतं, तर तू मला नालायक म्हणाला असतास का?" बहुतेक जण "नाही" म्हणतात. मग सांगावे, "जो न्याय मला, तोच तुला."

दुसरा उपाय म्हणजे त्याच्याकडून मदत मागणे. मुलाचे गणित शिकवायला, बियाणे निवडायला, अर्ज लिहायला त्याला बोलवावे. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे शंभर वेळा ऐकण्यापेक्षा एकदा अनुभवणे मोलाचे असते. मात्र मोठी जबाबदारी टाकू नये. शेत विकणे, नोकरी सोडणे, घरफाळणी असे निर्णय तो बरा होईपर्यंत पुढे ढकलावेत.

धोक्याची खूण

"माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असे बोलणे, निरवानिरव करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अचानक दारू वाढणे, किंवा फार अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी अगदी शांत होणे, या खुणा दिसल्या तर वेळ दवडू नये. सरळ विचारावे, "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने माणसाचे ओझे उतरते आणि आपल्याला धोका कळतो. उत्तर "हो" आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे आणि इतर घातक वस्तू घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवाव्यात. हा तीव्र विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात साधन हाताशी नसणे आणि माणूस जवळ असणे, यानेच अनेक जीव वाचतात. "कोणाला सांगू नको" अशी गळ त्याने घातली तरी हे गुपित पाळू नये. घरच्या एका समजूतदार माणसाला सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, तो असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

उपचार कोठे आणि कसे?

'टेली-मानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. रुग्ण बोलायला तयार नसेल तर सोबत्यानेही फोन करून सल्ला विचारावा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय कोठे व कोणत्या दिवशी आहे याची चौकशी करावी. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. येथून रेल्वेने किंवा एस.टी.ने सकाळी निघून जाता येते. पहिल्या खेपेला मित्राने सोबत जावे. केसपेपरच्या रांगेत उभे राहणे हीसुद्धा मैत्रीच आहे.

औषधांबाबत चार गोष्टी घरच्यांना समजावून सांगाव्यात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नयेत. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बहुधा आणखी सहा ते नऊ महिने, त्या घ्याव्या लागतात आणि बंद करताना हळूहळू कमी कराव्या लागतात. पूर्वी कधी अति उत्साह, झोपेशिवाय दिवसचे दिवस बडबड, वारेमाप खर्च असे झाले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मग उपचार वेगळे असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवावे. देवाला जायचे असेल तर जरूर जावे. परमेश्वराचे दर्शनही घ्यावे आणि गोळीही घ्यावी. दोन्हींत भांडण नाही.

सोबत्यानेही स्वतःला जपावे

खचलेल्या माणसाचा आधार होणे थकवणारे असते. म्हणून एकट्याने भार उचलू नये. दोनतीन मित्रांनी, एखाद्या नातेवाइकाने, गावच्या आशाताईने वार वाटून घ्यावेत. आपली झोप, आपला धंदा सांभाळावा. मित्र चिडला, "येऊ नको" म्हणाला, तर मनाला लावून घेऊ नये. दोन दिवस थांबून पुन्हा जावे. आणि आपले काम ध्यानात ठेवावे. बरे करणे डॉक्टरांचे व औषधांचे. आपण त्याला दारापर्यंत पोहोचवायचे, वेळेवर गोळीची आठवण करायची आणि "तू एकटा नाहीस" हे रोज वागण्यातून दाखवायचे.

हा लेख वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे एखादे नाव आले असेल. आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या. सल्ला नेऊ नका, फक्त वेळ घेऊन जा.